तीन वर्षं लोणी आणि मग भाकरी

दहा वर्षांची शाल्मली रोज लोणी, साय आणि खोबरं खायची, तरी तिचा धाकटा भाऊ तिच्याहून उंच झाला होता. एवढं खाऊन ही पोरगी वाढत का नाही, हे कोडं साताऱ्यातल्या त्यांच्या अख्ख्या आळीला पडलं होतं. आळीला दुसरं काम नव्हतं.

शाल्मलीला अपस्मार (वारंवार फिट येण्याचा आजार) होता. औषधांनी फिट थांबेनात, तेव्हा डॉक्टरांनी तिला कीटोजेनिक आहार (भरपूर चरबी आणि अगदी कमी पिष्ट व साखर असलेलं जेवण) सुरू केला. स्वयंपाकघरातला यंत्रमानव तोळा तिचा प्रत्येक घास वजन करून वाढायचा. आहाराला आता तीन वर्षं झाली होती आणि गेल्या दोन वर्षांत एकही फिट आली नव्हती.

२०४८ सालच्या एका सकाळी डॉक्टर म्हणाले, "आता हा आहार हळूहळू थांबवू." हे कळताच रणजितमामा कंदी पेढे घेऊन धावत आला. "तोंड गोड कर की गं!" म्हणत त्यानं अख्खा पेढा तिच्या तोंडात कोंबला.

"थुंक! थुंक!" तोळा ओरडला. शाल्मलीनं पेढा ओंजळीत थुंकला आणि ती रडू लागली. मामानं पेढ्यांचा पुडा पाठीमागे लपवला.

मेंदूवर संशोधन करणारे तिचे आजोबा, म्हणजे आबा, तिच्याजवळ येऊन बसले.

"घाबरू नकोस, पोटात फारसं गेलं नाही. मेंदू एरवी साखरेवर चालतो. ती मिळाली नाही की यकृत चरबीपासून कीटोन (मेंदूला चालणारं दुसरं इंधन) बनवतं. त्यावर चालताना तुझ्या मेंदूतल्या पेशी उगाच भडकत नाहीत. असं का होतं, ते आम्हालाही अजून पुरतं उमगलेलं नाही. पण इंधन एका दिवसात बदललं तर फिट परत येऊ शकते. म्हणून काही महिने घ्यायचे."

"मग थांबवताच कशाला? मी बुटकी राहिले तरी चालेल. मला फिट नको!"

"नुसत्या उंचीचं नाही गं. या आहारानं वाढ मंदावतेच, शिवाय वर्षानुवर्षं असं खाल्लं तर काहींची हाडं कमजोर होतात, मूत्रपिंडात खडे होतात, रक्तातली चरबी वाढते. आहार थांबला की बऱ्याच मुलांची वाढ पुन्हा जोर धरते."

"आणि फिट?"

"तुझ्यासारख्या, फिट पूर्ण थांबलेल्या पाचांतल्या साधारण चौघांना नंतरही येत नाहीत."

"पाचवी मी असले तर?"

आबांना खोटं बोलणं कधीच जमलं नव्हतं. आज जमलं असतं तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

"तर डॉक्टरांना विचारून पुन्हा लोणी सुरू करू. मलाही भीती वाटते, शालू."

आबाही घाबरतात, हे तिला नवीनच होतं. तिनं डोळे पुसले.

"पाचवं कोण, ते आधी कळत नाही?"

"अजून नाही." आबांनी खिशातून एक पातळ पट्टी काढून तिच्या हातात दिली. "पण ही पट्टी कपाळाला लावलीस, तर ती तुझ्या मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपत राहील. तुम्हा मुलांच्या अशा हजारो नोंदी जमल्या, की पुढच्या मुलांना ते आधी सांगता येईल."

शाल्मलीनं पट्टी उलटसुलट करून पाहिली आणि स्वतःच कपाळाला बांधली.

पुढच्या आठवड्यात तोळानं तिच्या ताटात ज्वारीच्या भाकरीचा दोन बोटं रुंद तुकडा वाढला. तिनं तो तोंडात घातला आणि सावकाश चावला. आई, आबा, मामा, सगळे हातातला घास तसाच धरून तिच्याकडे पाहत राहिले.

"असं काय बघताय माझ्याकडं?" शाल्मली म्हणाली. "जेवा की!"