थोरलीचं घर

पिठाचं पोतं खाली ठेवून सेवास्ती वळणावर उभी होती. गावाकडे जाणारं कुणीतरी भेटेलच म्हणून. आणि ती लाल गाडी थेट तिच्याच अंगावर आली! रस्त्याच्या भलत्याच बाजूनं. ब्रेक करकचले. पोतं वीतभरानं वाचलं.

"अहो, डोळे घरी ठेवून आलात का?"

खिडकीतून एक कुरळं, घाबरलेलं डोकं बाहेर आलं. "माफ करा... आमच्या सिडनीत डावीकडूनच चालवतात."

"हे ग्रीस आहे. आमच्या कार्पाथोस बेटावर शेळ्यासुद्धा उजवीकडून जातात." तिनं दार उघडलं. "सरका. ओलिंबोसला ना? मी चालवते. तुमची नाही, माझ्या पिठाची काळजी वाटते मला."

तो हसला, आणि मुकाट सरकला. मिनास त्याचं नाव. आजी ओलिंबोसची, म्हणून तिचं गाव बघायला आलेला. गाडी एका दिवसासाठी भाड्यानं घेतलेली, उद्या सकाळी जहाज.

'उद्या सकाळी,' सेवास्तीनं मनात म्हटलं. का कोण जाणे, आवडलं नाही तिला ते.

रस्ता डोंगराच्या धारेवर चढला. वाऱ्यानं सगळी झाडं एकाच अंगाला विंचरल्यासारखी वाकलेली... आणि दोन्ही बाजूंना खाली निळाशार समुद्र.

"आजी सांगायची ते खरंच होतं तर," मिनास हळूच म्हणाला.

"समुद्र तिकडं आहे."

"हो? मी कुठं नाही म्हटलं?" त्याची नजर सेवास्तीवरून हलली नव्हती.

गावात शिरल्या शिरल्या भाजत्या पावाचा वास. बोळातल्या भट्टीपाशी तिची आई, पायात उंच बूट, डोक्याला फुलांचा रुमाल.

"कुणाचा रे तू?"

"रिगोपूलाचा नातू."

"अगं बाई!" पिठाच्या हातांनीच तिनं त्याचे दोन्ही गाल धरले. मग काय, घरात नेऊन तळलेला कांदा आणि चीज घातलेल्या माकारूनेसचं, म्हणजे हातच्या पास्त्याचं भरलं ताट पुढ्यात.

"घर किती देखणं आहे हो तुमचं," रंगीत कठड्यावरून हात फिरवत मिनास म्हणाला.

"माझं कसलं? सेवास्तीचं. थोरली ना ती!"

"मग ही... समजा, सिडनीला वगैरे गेली तर?"

बोलला आणि जीभ चावली. आई पोट धरधरून हसली. "अरे येड्या, आमच्याकडं घर थोरलीचं. ती नाही जात, नवरामुलगाच येतो नांदायला! तुझी आजी धाकटी, म्हणून तर गेली."

सेवास्ती हसली नाही. मागे अथेन्सच्या एकानं 'चल माझ्याबरोबर' म्हटलं होतं. तिला घर सोडवलं नाही, त्याला यायला जमलं नाही. हाही तसाच जाणार...

संध्याकाळी ती त्याला गावाबाहेर गाडीपर्यंत सोडायला गेली. वाऱ्यानं ओढणी उडत होती. तो किल्ली नुसतीच बोटांत फिरवत राहिला.

"उद्या जहाजावर चढणार ना तू?" तिनं विचारलंच.

"चढावं तर लागेल. आईला समोर बसून सांगायला हवं."

"काय?"

"की ईस्टरला तिचा मुलगा सासर बघायला निघालाय. आवडलं, आणि तू ठेवून घेतलंस... तर राहायलाच."

सेवास्तीनं ओढणी घट्ट धरली. श्वास मात्र सुटला.

"रडेल ती."

"रडेलच. मुलाची आई आहे शेवटी."

"मग तिलाही घेऊन ये," सेवास्ती म्हणाली. "घरात जागा आहे."