विसाव्यावर टेकलेली डोली

राजूरच्या वर, डोंगरातल्या एका वाडीला अजून सडक नाही. दवाखाना गाठायचा तर आधी डोली. दांडीला गोधडी बांधायची, आत पेशंट, आणि चौघांनी खांदा देत खाली सडकेपर्यंत उतरायचं. तिथं एकशे आठची गाडी उभी असते. साळूबाईची सून निकिता अशीच निघाली, भर दुपारी. पहिलटकरीण, त्यात अंगावरून रक्त जाऊ लागलेलं. आशाताईंनी गाडीला फोन केला आणि पोरांना एवढंच म्हणाल्या, "थांबू नका रे."

धुकं असं उतरलं की पुढच्याची पाठ मागच्याला दिसेना. साळूबाई डोलीला हात लावून चालत होती. निकिताचं कण्हणं मधेच बंद पडे आणि साळूबाईचा जीव टांगणीला लागे.

त्या वाटेवर विसाव्याचा दगड आहे. वाडीतलं माणूस गेलं की तिरडी तिथं टेकवून खांदे बदलतात. जित्या माणसाची डोली तिथं ठेवायची नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण मागं खांदा देणाऱ्या तिच्या पुतण्याचा, गोरक्षचा पाय घसरला, आणि चौघांनी हाताला लागेल त्या सपाट जागी डोली टेकवली. साळूबाईनं खाली चाचपलं. दगडावर तिरडीवरून उधळलेल्या लाह्या चिकटल्या होत्या. तिचा नवरा गहिनीनाथ दवाखान्याच्या वाटेवर डोलीतच गेला, निकिता सून होऊन यायच्या आधी. त्याचीही तिरडी इथंच टेकवली होती.

मागं ओल्या पाचोळ्यावर पावलं वाजली. सावकाश. उदबत्तीचा वास आला.

"खांदा देऊ का...?"

पोरं जागच्या जागी थिजली. साळूबाईनं आवाज ओळखला. तिनं मागं पाहिलं नाही.

"आवं... जित्ती हाय ती. तुमची सून हाय."

पावलं आणखी पुढं आली. मग अगदी जवळून, दटावल्यासारखं, "मग खाली कशाला ठिवली? उचला की..."

त्यांनी डोली उचलली आणि जी धूम ठोकली ती सडकेलाच थांबली. मागची दांडी खांद्याला लागतच नव्हती, असं गोरक्ष नंतर सांगत राहिला.

दिवस मावळायच्या आत राजूरच्या दवाखान्यात मुलगी झाली. रक्त थांबलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वेळेत आणलंत आजी. दोघी सुखरूप आहेत." साळूबाई पदर तोंडाशी धरून पोटभर रडली, मग नर्सनं दिलेला चहा बशीत ओतून प्यायली. कित्येक वर्षांत तिला इतकं हलकं वाटलं नव्हतं.

निकितानं डोळे उघडले. थकलेली होती, पण हसत होती.

"आत्याबाई, त्यास्नी बसायला द्या की. मघापासून उभे हायेत."

"कोन गं?"

"डोलीला मागं हात दिल्ता ते बाबा." तिनं खाटेच्या पायथ्याकडं बोट केलं. तिथं कुणीच नव्हतं. "पोरीला मागत्यात... देऊ का?"

साळूबाईनं पटकन पोर उचलून उराशी घट्ट धरली. डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि पायथ्याच्या मोकळ्या जागेकडं न बघता हळूच म्हणाली, "आत्ता न्हाई वो... म्हातारी हू द्या तिला आधी."