कानात खुपेल तोवर

सकाळी दुकान उघडलं की दस्तगीरचाचा मांडी घालून बसत, तंबोरा आडवा मांडीवर घेत आणि दोन्ही कानांवर पांढऱ्या वाट्यांसारखा हेडफोन चढवत. मिरजेत नवीन आलेल्याला वाटे, म्हातारा गाणी ऐकत बसलाय. चाचा काम करत असत. तंबोऱ्याच्या तारा ज्या चपट्या घोडीवर टेकतात, तिचा माथा कानशीनं केसभर घासून तारेला झणकार आणायचा, याला जवारी काढणं म्हणतात. पन्नास वर्षं त्यांनी तेवढंच केलं होतं, आणि त्या एका कामासाठी दूरदूरचे गवई त्यांच्या दारात चपला काढत.

पण सत्तरीच्या कानांनी वरच्या पट्टीतला झणकार हळूहळू सोडून दिला. डोळे गेले तर सोनाराला चष्मा मिळतो. जवारीवाल्यानं काय लावायचं? लेकीनं, तस्लीमनं, त्याचं उत्तर पुण्याहून आणलं होतं.

तस्लीम हेडफोन बनवणाऱ्या एका कंपनीत इक्वलायझरचं काम पाहायची. आवाजातल्या खर्जाच्या, मधल्या, टिपेच्या पट्ट्यांचं वजन कमीजास्त करायची ही सोय जुनीच. पूर्वी लोक फोनवरच्या रेघा बोटानं वरखाली सरकवत बसायचे आणि कंटाळून होत्या तशा सोडायचे. नव्या हेडफोनला रेघाच नव्हत्या. कानामागे टेकणारी एक चकती मेंदूतल्या बारीक लहरी टिपायची, ऐकणाऱ्याला काय रुचलं, काय टोचलं ते ओळखायची आणि एकतीस पट्ट्या आपणहून हलवायची. कंपनीत त्या चकतीला सगळे ‘पारखी’ म्हणत. गाणं असो, फोन असो, समोरच्याचं बोलणं असो, सगळं पारखीच्या हातून कानात जाई.

तस्लीमनं पहिल्या दिवशी हेडफोन ‘हुबेहूब’वर ठेवला होता. त्यात पारखी बंद. कानाचं जेवढं गेलं तेवढंच भरून मिळे. चाचांनी तार छेडली आणि वाट्या उपटून काढल्या.

“पत्र्यावर नख ओढल्यागत लागतंय गं. हे नको मला.”

कित्येक वर्षं न ऐकलेला आवाज एकदम आला की असं होतं. पंधरा दिवसांत सवय झाली असती, हे तिला माहीत होतं. पण दुसऱ्या दिवशी पुण्याला परतायचं होतं, आणि अब्बांचा उतरलेला चेहरा तिला बघवेना. तिनं बटण ‘सुखद’वर सरकवलं. चाचांनी परत तार छेडली, आणि ढसाढसा रडले. “आली गं, आली परत!” म्हणाले. तस्लीमही रडली. त्या बटणाला तिनं पुन्हा हात लावला नाही.

याला आठ महिने झाले. आज ती घरी आली होती ती एक गोष्ट सांगायला. नवऱ्याचं घर सोडून तिला सहा महिने झाले होते. फोनवर तोंडातून शब्द फुटत नव्हता, आणि खरं तर तिला ते सांगायचंच नव्हतं. अब्बांनी ओळखावं, असं वाटत होतं. लहानपणी शाळेतून येऊन तिनं नुसतं “अब्बा” म्हटलं तरी आतून विचारणा व्हायची, “कुणाशी भांडलीस?” आताशा दर शुक्रवारी फोन व्हायचा, आणि ते हसून गप्पा मारायचे. वय झालं त्यांचं, अशी ती मनाची समजूत घालायची. आज समोर बसून बोलली तरी त्यांना काही कळलं नाही. हेडफोन कानावर होताच. आता ते तो काढतच नसत.

“पूर्वी एका घोडीला दोन दिवस लागायचे,” चहा ओतत चाचा खुशीत म्हणाले. “आता दुपारपातूर दोन होतात. कान बारा वर्षाच्या पोरागत झालाय बघ.”

तस्लीम सांगायला तोंड उघडणार तोच दारात रिक्षा थांबली. सांगलीच्या मृणालिनीबाई आठल्ये तंबोरा घेऊन उतरल्या. चार दिवसांपूर्वी जवारी काढून नेलेला, त्यांच्या गुरूंचा तंबोरा. त्याची घोडी सांबरशिंगाची होती. आता ते शिंग मिळत नाही, कायद्यानं बंद आहे.

“दस्तगीर,” बाई चाचरत म्हणाल्या, “हा बोलेना रे.”

“बोलेना? बाई, काय बोलताय!” चाचांनी तंबोरा घेतला, चारही तारा छेडल्या, डोळे मिटले. “ऐका की! मध गळतोय.”

मृणालिनीबाईंनी तस्लीमकडे पाहिलं. तस्लीमच्या कानावर काहीच नव्हतं. तिला ऐकू आला तो भोपळ्यातून येणारा ठस्स आवाज, घोंगडीवर काठी मारल्यासारखा. घोडीचा माथा गरजेपेक्षा कितीतरी जास्त घासला गेला होता.

“माझेच कान गेले असतील,” बाई पुटपुटल्या. चाळीस वर्षांच्या संबंधात याहून जास्त बोलायची त्यांची रीत नव्हती. तंबोरा ठेवून त्या जड पावलांनी निघून गेल्या.

तस्लीमला सगळं एकदम उमगलं. चाचा शागिर्दांना एकच धडा द्यायचे: कानात खुपेल तोवर कानस चालवायची, खुपायचं थांबलं की हात थांबवायचा. तिनं त्यांना असं यंत्र दिलं होतं, जे खुपूच देत नव्हतं. कानस चुकली की पारखी सावरून घेई. आणखी चुकली, आणखी सावरून घेई. जवारीवाल्याच्या घरात जन्मून, इक्वलायझरवर पोट भरून, तिला एवढंही सुचलं नव्हतं की या माणसाचा सगळा धंदा न रुचण्यावर चालतो.

गप्प राहता आलं असतं. बाई गप्प राहिल्याच होत्या, आणि आठ महिन्यांत बाकीचेही राहिले असणार.

“अब्बा,” ती म्हणाली, “बाईंचे कान शाबूत आहेत.”

मग तिनं पारखीचं सगळं सांगितलं. चाचांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. सांगून झाल्यावर त्यांनी घोडीवरून अंगठा फिरवला, दोनदा, तीनदा. बोटांना ते आधीच कळायला हवं होतं. पण कान इतका खूश असताना बोटांचं कोण ऐकतो?

“कर तुझं ते हुबेहूब,” ते म्हणाले.

“त्रास होईल अब्बा.”

“होऊ दे.”

तिनं बटण सरकवलं. चाचांनी तार छेडली. चेहरा आवळला, पण वाट्या काढल्या नाहीत. पुन्हा छेडली.

“शिंग गेलं,” ते म्हणाले. “बाईंच्या गुरूंचं शिंग. परत कुठून आणू?”

“माझी चूक आहे,” तस्लीम म्हणाली. “तुम्ही खूश दिसत होता. मला तेवढंच बघायचं होतं.”

चाचांनी झटकन मान वर केली. तंबोऱ्यावरचा हात तसाच राहिला. तिनं काय सांगितलं, यापेक्षा ते दुसरंच काहीतरी ऐकत होते.

“परत बोल.”

“काय बोलू अब्बा?”

“काहीबी. बोल.”

“मी... बरी आहे मी.”

चाचांनी डोळे मिटले. घोडीवर कानस धरताना मिटायचे तसे. उघडले तेव्हा ते भरले होते.

“कधीपासनं आहे हा आवाज तुझा?” त्यांनी विचारलं. “आणि मी दर शुक्रवारी ‘लेक सुखात आहे’ म्हणून फोन ठेवत होतो काय गं?”