काचेच्या झाकणाखाली

पतंगाचं नाव कळलं असतं, तर काम तिथेच संपलं असतं. कळलं नाही, तर उद्याची संध्याकाळ मिळत होती, परवाचीही. हिशेबात ती कच्ची नव्हती. वाचनालयात दिवसभर पुस्तकांवर परतीच्या तारखा मारणारी मुलगी कच्ची असेलच कशी?

सुरुवात सोमवारी झाली. बाबांचं बंद पडलेलं घड्याळ घेऊन ती दुरुस्तीच्या दुकानात शिरली, तर घड्याळवाला डोळ्याला भिंग लावलेलं तसंच ठेवून म्हणाला,

"हलू नका."

"मी?"

"तुमच्या खांद्यावर... कोणीतरी बसलंय."

तळहाताएवढा तपकिरी पतंग होता, प्रत्येक पंखावर डोळ्यासारखा एक ठिपका. घड्याळाची बारीक चाकं उचलणाऱ्या बोटांनी त्यानं तो उचलला – इतका अलगद, की तिला पतंगाचाच हेवा वाटला. मग एका जुन्या घड्याळाचं घुमटासारखं काचेचं झाकण त्यानं पतंगावर ठेवलं.

"कोण हा?" त्यानं विचारलं.

"आमचा किडेवेड्यांचा ग्रुप आहे. विचारून सांगते."

फोटो पाठवून विचारलं. घरी पोचेपर्यंत ग्रुपवरच्या काकांचं उत्तरही आलं. 'रेशीम-पतंगांच्या कुळातली मादी. हिला खायला तोंडच नसतं. जेमतेम सात दिवसांचं आयुष्य, तेवढ्यात जोडीदार भेटला पाहिजे. पोरी, आजच सोडून दे.'

तिनं 'हो काका' लिहिलं. आणि मंगळवारी दुकानात जाऊन म्हणाली, "मिशांचा फोटो हवाय म्हणे."

बुधवारी पंखांची खालची बाजू हवी झाली. गुरुवारी पायांवरची लव.

"फारच चौकस आहेत हो तुमचे लोक," तो म्हणाला. "नोकरी देतानासुद्धा कोणी एवढं तपासत नाही." मग झाकणाकडे बघत, "हा काही खात मात्र नाही. मध ठेवला, पिकलेलं केळं ठेवलं..."

"लाजत असेल."

"कोणाला?"

"तुम्हाला. असं एका डोळ्यानं टक लावून बघता..."

तो हसला. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पण जेवायला बसल्यावर तिला तो मध आठवला, आणि तिनं ताट बाजूला सरकवलं.

शुक्रवारी तो दारातच उभा होता.

"आज दुकान उघडलं तर खिडकीच्या काचेला बाहेरून आणखी एक चिकटलेला. अगदी असाच, मिशा तेवढ्या पिसांसारख्या. दिवसभर हलला नाही, आत्ता कुठे उडाला. तुमच्या लोकांना विचारा ना, तो कोण?"

हे सांगायला तिला काकांची गरज नव्हती.

"तो... तिच्यासाठी आला होता."

"तुम्हाला काय माहीत?"

तिनं फोन पुढे केला. तो वाचत गेला. भिंतीवरची सगळी घड्याळं एकदम मोठ्यानं चालायला लागली.

"सोमवार," तो म्हणाला. "सात वाजून वीस मिनिटं."

"मला रोज यायचं होतं," ती फरशीकडे बघत म्हणाली. "दुसरं काही सुचलं नाही."

"अहो, नुसतं आला असतात तरी चाललं असतं. मी मंगळवारी साडेपाचपासून दाराकडेच बघत होतो..."

हेच ऐकायला ती पाच दिवस झुरली होती. ऐकलं, आणि मान आणखी खाली गेली.

त्यानं झाकण उचललं. काचेवर आपटून आपटून पंखांच्या कडा फाटल्या होत्या. पतंगीण उडाली नाही. त्यानं तिला तळहातावर घेऊन खिडकीबाहेरच्या कठड्यावर ठेवलं. रस्त्यावरचे दिवे लागेपर्यंत दोघं शेजारी उभी राहिली, एकमेकांना न शिवता.

कोणी आलं नाही.

"उद्या या," तो शेवटी म्हणाला. "अशाच. फोटोबिटो नको."

"येईन."

नुसतं येऊन जे मिळणार होतं, त्यासाठी पतंगिणीच्या सातातले पाच दिवस गेले होते. त्यातला एकही तिच्या खिशातला नव्हता.