ती 'या' म्हणाली

पटलं तर घ्या, नाहीतर खुशाल पुढची गोष्ट उघडा. मला कोणाला पटवायचं नाहीये. पण हे खरं आहे, आणि माझ्याबरोबर घडलंय. म्युनिकमध्ये, आमच्या राहत्या घरात, गेल्या नोव्हेंबरात.

आणि रात्री नाही हं. भर दुपारी.

मी संपदा. तेव्हा मला सातवा महिना लागला होता. वर्षभरातलं आमचं हे तिसरं घर. इथे घर मिळवताना काय होतं ते इथल्या कुणालाही विचारा, रडायला लागेल. हे मिळालं, कारण आधीची भाडेकरू याच घरात गेली होती. एकटी म्हातारी होती. मी म्हटलं, गेली तर गेली बिचारी, आपल्याला काय करायचंय?

डोहाळजेवण घरीच करायचं ठरलं. दीड खोली आणि एवढ्या बायका! सगळ्यांना एका फोटोत बसवायचं तर फिशआय लेन्सच हवी, चहूबाजूंचं सगळं एका गोल चित्रात घेणारी. माझ्या नवऱ्याच्या, पुष्करच्या ऑफिसातल्या वेदांगने दोन आणून दिल्या. "लावून बघा, आवडेल ती ठेवा."

आमचा कॅमेरा क्रॉप सेन्सरचा, म्हणजे आतला सेन्सर लहान. पहिली लेन्स होती मोठ्या सेन्सरसाठी बनवलेली. आमच्या कॅमेऱ्यावर तिचं गोल चित्र वरून-खालून कापलं जायचं. दुसरी खास क्रॉप सेन्सरची. तिच्यात अख्खं वर्तुळ यायचं, अगदी कडेपर्यंत.

पहिलीने खोलीचा फोटो काढला. ठीक आला.

त्याच जागी उभी राहून दुसरीने काढला. खालच्या कडेला माझ्याच पायांची बोटं आली. फिशआयमध्ये असं होतंच, सांभाळलं नाही तर स्वतःचेच पाय येतात.

पण माझ्या पायांशेजारी...

आणखी दोन पाय होते.

करड्या लोकरीच्या सपाता घातलेले. मला अगदी खेटून.

मी खाली पाहिलं. फरशीवर कोणीच नाही. आणि आमच्या घरात कोणी काही घालून फिरत नाही, आम्ही चपला दाराबाहेरच काढतो.

पुष्कर म्हणाला, "फ्लेअर असेल गं. उजेडाचा खेळ."

"फ्लेअरला शिवण असते का रे? नीट बघ!"

पुन्हा काढला. सपाता होत्याच. फक्त आता त्यांची टोकं...

माझ्याकडे वळलेली होती.

तेवढ्यात हीटरजवळून आवाज आला. सर्र... सर्र... लाकडी फरशीवरून कुणीतरी पाय घासत चालल्यासारखा.

पुष्कर पांढराफटक पडला. "आपण दुसरं घर बघू. आजच बघू."

माझं डोकंच फिरलं. "पोट घेऊन पुन्हा खोकी भरू? माझं बाळ याच घरात येणार. तुला जायचं तर जा तू!"

आणि मी सरळ हीटरकडे तोंड केलं. मराठीतच बोलले, भांडताना मला जर्मन सुचत नाही.

"अहो आजी, स्पष्ट सांगा. आम्ही इथून जावं असं वाटतं का तुम्हाला?"

आवाज थांबला.

मग अगदी माझ्या कानाशी... थकलेला, बाईचा आवाज...

"या."

पुष्करने माझा दंड धरला. "संपदा, जर्मनमध्ये 'या' म्हणजे हो! ती हो म्हणतेय. निघा म्हणतेय!"

"मी मराठीत विचारलं," मी म्हटलं. "उत्तरही मराठीतच धरणार. मराठीत 'या' म्हणजे या. आलोय आम्ही, आणि राहणार!"

भीती वाटत होती मला, खोटं कशाला बोलू? पण हलले नाही.

डोहाळजेवणाच्या दिवशी पुष्कर विनवत होता, "पहिलीच लेन्स लाव ना. कडा कापल्या जातील, काही दिसणार नाही."

"दिसलं नाही म्हणजे नाहीये असं होतं का? माझ्या घरात कोण आहे ते मला दिसलंच पाहिजे. दुसरीच लाव!"

मी फुलांचे दागिने घालून खुर्चीत बसले. बायका भोवती उभ्या राहिल्या. पुष्कर स्टुलावर चढला आणि वरून फोटो काढला.

रात्री पाहुण्या गेल्यावर तो फोटो मोठा करून पाहिला.

अगदी कडेला उघडं दार आलं होतं. बाहेर सगळ्यांच्या बुटांच्या रांगेत...

त्या करड्या सपाता होत्या. शेजारी शेजारी, नीट काढून ठेवलेल्या.

आणि आत, माझ्या खुर्चीला चिकटून, दोन अनवाणी पाय. सुरकुतलेले, निळ्या शिरांचे. आमच्यापैकी कोणाचेही नाहीत.

पायांच्या वर कोणीच नव्हतं.

सपाता बाहेर काढून आत आली होती ती. आपल्याकडे येतात तशी. पाहुणी म्हणून, की कायमची, ते मला आजवर कळलेलं नाही.

लेकीचा पाळणा त्याच हीटरजवळ आहे. ती लेन्स मी ठेवून घेतली, घर सोडलं नाही, आणि सोडणारही नाही.

फक्त बाहेरून आले, की दारातूनच मोठ्याने म्हणते, "आले हं!"

आतून आवाज येतो...

"या."

मी तो मराठीतच ऐकते. दुसऱ्या भाषेत ऐकायचं नाही, असं मी ठरवलंय.