कोटात कोण

आमच्या सिनेमांतलं रक्त साखरेच्या पाकाचं असायचं. त्यात खायचा लाल रंग आणि चमचाभर कॉफी घातली की ते वाळल्यावर खरं वाटायचं. फक्त मुंग्या लागायच्या. एकदा गळा चिरलेला माणूस जमिनीवर पडला होता, त्याला मुंगी चावली आणि तो उठून बसला. यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, कॅमेरा थांबवला नाही. दुसऱ्यांदा घ्यायला फिल्म शिल्लक नव्हती. तो उठून बसलेला मुडदा सिनेमात आजही तसाच आहे, आणि आजकालची मुलं नेमकी तिथेच टाळ्या वाजवतात.

सात वर्षांत आम्ही असे पाच सिनेमे केले. सगळे एका बंद पडलेल्या साबणाच्या कारखान्यात. खिडक्यांना काळे कागद चिकटवायचे आणि भर दुपारी बारा वाजता अमावास्येची रात्र करायची. सुरा पुठ्ठ्याचा, त्यावर चंदेरी कागद. जोरात खुपसला की वाकायचा. पहिल्या अर्ध्या तासात मेलेला माणूस पुढे मिशी लावून इन्स्पेक्टर म्हणून यायचा आणि स्वतःच्याच खुनाचा तपास करायचा. सगळ्यांच्या अंगाला साबणाचा वास. इतकं स्वच्छ वास येणारं खुनी टोळकं जगात दुसरं नसेल, असं हे म्हणायचे.

पाचही सिनेमांत खुनी एकच होता. लांब काळा रेनकोट आणि प्लॅस्टरचा पांढरा मुखवटा. त्या कामाला नट असा नव्हताच. ज्या शॉटला जो मोकळा, त्याने कोट चढवायचा. सकाळी कामावर आल्यावर आमच्यात "कसे आहात" असं कोणी विचारायचं नाही. "आज कोट कोणाकडे?" असं विचारायचे. आमच्या शिंप्याने, त्याला सगळे मास्तर म्हणायचे, तो कोट मुद्दाम आमच्यातल्या सगळ्यांत उंच माणसापेक्षा वीतभर मोठा शिवला होता. कोणालाही व्हावा म्हणून. बाह्या बोटांच्या टोकांपर्यंत यायच्या. सुरा धरायचा तर आधी बाही मागे सारावी लागायची, आणि प्रेक्षकांना ते भयंकर वाटायचं.

माझं काम वहीचं. शॉटचा नंबर, कोणाच्या अंगात काय, सुरा कोणत्या हातात, रक्त कुठवर आलं, आणि शेवटचा रकाना : कोटात कोण.

आता ते सिनेमे पुन्हा बघतात, हे मला दोन वर्षांपूर्वीपर्यंत ठाऊक नव्हतं. रविवारी सकाळी एका वाचनालयाच्या हॉलमध्ये खेळ लावतात. मुलं आमचे संवाद पडद्याच्या आधी म्हणतात. फिल्मसंग्रहालयातली एक मुलगी मला पत्ता काढून भेटायला आली. मी तिला म्हटलं, बाई, तो सगळा पोरखेळ होता. ती म्हणाली, "आजी, मोठ्या सिनेमात सगळं खरं वाटतं आणि नंतर कोणी आठवत नाही. तुमच्या सिनेमात दोरी दिसते, आणि दोरी ओढणारा माणूसही दिसतो. आम्हाला तोच आवडतो."

तिने पाचवा सिनेमा साफ करायला घेतला होता. शेवटी नावं येतात तिथे, ज्यांनी ज्यांनी कोट घातला त्यांची यादी तिला द्यायची होती. हे जाऊन अकरा वर्षं झाली. दिवे लावणारा आमचा बल्ब, ते त्याचं टोपणनाव, तोही गेला. उरलो तिघं. मी, माझी धाकटी बहीण आणि मास्तर.

धाकटी म्हणजे आमची नायिका. पाचही सिनेमांत शेवटपर्यंत जिवंत राहणारी. पाचव्या सिनेमाच्या शेवटच्या दिवशी ती कारखान्याच्या वरच्या सज्ज्यावरून खरोखरच पडत होती. कठडा गंजलेला होता, तो तिच्यासकट बाहेर गेला. कोटातल्या माणसाने तिचं मनगट पकडलं आणि तिला वर ओढलं. आम्ही सगळे धावलो. मी वर पोचले तेव्हा कोट आणि मुखवटा बाजूला पडला होता, आणि धाकटी मास्तरांचा हात धरून रडत होती. कोटात मास्तरच होते, हे मी धरूनच चालले. सहा महिन्यांनी त्यांचं लग्न झालं. आमच्या घरात ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली गेली की माझ्या भाच्यांना ती तोंडपाठ आहे.

आता धाकटी अंथरुणाला खिळली आहे. डॉक्टरांनी महिने सांगितले नाहीत, आठवडेच सांगितले. तिला तो सिनेमा एकदा बघायचा होता, आणि संग्रहालयातली मुलगी सोमवारी त्याची प्रत घरी आणून दाखवणार होती. यादी त्याआधी व्हायला हवी होती.

म्हणून मी वही घेऊन त्या मुलीच्या ऑफिसात गेले. छोटी थंड खोली, दोन खुर्च्या, मोठा पडदा. ती एकेक शॉट थांबवायची आणि मी सांगायची. वही उघडायची गरजच पडेना. डावा पाय किंचित ओढतोय, तो बल्ब. एक खांदा खाली, ते हे; कॅमेरा उचलून उचलून तो खांदा उतरलाच होता. कोटाची कड जमिनीला लागू नये म्हणून चिमटीत धरतोय, ते मास्तर. शिंपीच तो, खून करतानासुद्धा कापड जपणार. आम्ही दोघी खूप हसलो.

मग शेवटच्या आठवड्यातले शॉट सुरू झाले.

"हा कोण, आजी?"

कोट बॉयलरमागून निघून खोली ओलांडत होता. चाल ओळखीची नव्हती. घाई नाही, अडखळणं नाही. मी म्हटलं, पुढचा दाखव. पुढच्यातही तोच. त्याच्या पुढच्यातही.

मी वही उघडली. शेवटच्या आठवड्यात आम्ही फार थकलो होतो. मधूनमधून हौसेने येणारे मित्र केव्हाच यायचे थांबले होते. आम्ही पाचच उरलो होतो. हे कॅमेऱ्यावर, बल्ब दिव्यामागे, धाकटी समोर, मी वही घेऊन, आणि मास्तर. दिवसाला सोळा-सोळा तास. हे उभ्या उभ्या झोपायचे. त्या आठवड्याच्या सोमवारी मी शेवटच्या रकान्यात "मास्तर" लिहिलं होतं आणि त्याखाली प्रत्येक ओळीत दोन छोट्या रेघा ओढल्या होत्या. वरीलप्रमाणे. एकतीस शॉट, सहा दिवस, वरीलप्रमाणे. मान वर करून बघितलंही नव्हतं. वही ठेवणाऱ्या बाईने करू नये अशी ही एकच चूक, ती मी एकतीस वेळा केली होती.

"मास्तरच असतील मग," मुलगी म्हणाली.

"असतील," मी म्हटलं. पण मी पडद्याकडे बघत होते. तिने शॉट थांबवला होता. कोट दारात उभा होता आणि त्याचे दोन्ही हात खाली सोडलेले होते. बाह्या मनगटापाशी संपत होत्या.

तो कोट मी स्वतः हजार वेळा घडी करून ठेवला आहे. त्या बाह्या आमच्यापैकी कोणाच्याही मनगटापाशी संपत नव्हत्या.

मी तिला शेवटचा शॉट लावायला सांगितलं.

पूर्वी सिनेमा दाखवताना चौकटीच्या कडा थोड्या झाकल्या जात. आता तिने पूर्ण फिल्म घेतली होती, कडेपासून कडेपर्यंत. सज्जा, कठडा, धाकटी मागे सरकतेय. डाव्या कडेला, पूर्वी कधीच न दिसलेली, खालच्या मजल्यावरची एक खिडकी. तिच्यावरचा काळा कागद खालून सुटला होता आणि बाहेर रात्र असल्यामुळे काच आरशासारखी झाली होती. काचेत एक माणूस चंदेरी कागद लावलेला फळा डोक्यावर धरून उभा होता, धाकटीच्या चेहऱ्यावर उजेड पाडत. तोंडात टाचण्या. मास्तर टाचण्या नेहमी तोंडात धरायचे.

कठडा गेला. वर सज्ज्यावर कोटाने वाकून धाकटीचं डावं मनगट पकडलं. काचेतल्या मास्तरांच्या हातून फळा पडला.

हे कॅमेरा तसाच चालू सोडून धावले होते, म्हणून फिल्म पुढे चालूच राहिली. कोटाने तिला वर घेतलं. सज्ज्यावर बसवलं. स्वतः शेजारी गुडघ्यावर टेकला आणि तिचं मनगट धरून राहिला. धाकटीचे डोळे मिटलेले. खालून धावत जिन्याकडे जाणारे मास्तर चौकटीत आले आणि गेले. तो तसाच बसलेला. मग फिल्म संपली.

मुलगी काचेकडे बघत नव्हती. तिने पेन माझ्या हातात दिलं. मी यादी घरी नेते म्हटलं.

घरी न जाता मी धाकटीकडे गेले. मास्तर स्वयंपाकघरात तिच्यासाठी भाताची पेज गाळत होते. मी दार लोटलं आणि काच, फळा, टाचण्या, सगळं हळू आवाजात सांगितलं. ते गाळत राहिले. पेज संपली तरी गाळणं हातात धरून उभे राहिले.

म्हणाले की खालून बघताना त्यांना वाटलं, कोटात बल्ब आहे. जिन्यात बल्ब त्यांच्या मागून आला तेव्हा वाटलं, मग हेच कॅमेरा चालू ठेवून वर गेले असतील. वर पोचले तेव्हा कोट नुसता पडलेला होता. तिने डोळे उघडले, त्यांचा हात धरला आणि म्हणाली, मास्तर, तुम्ही होतात म्हणून. त्यांना तोंड उघडता आलं नाही. तोंडात टाचण्या होत्या, असं ते म्हणाले, आणि मग स्वतःच मान हलवली.

"नंतर सांगायचं होतं ना," मी म्हटलं.

"नंतर म्हणजे कधी, ताई? ती माझ्याकडे त्या नजरेने बघायला लागल्यावर? सत्तेचाळीस वर्षं मी त्या एका हातावर संसार केला. आता शेवटच्या चार दिवसांत तिने मला तिथे बघावं, खाली, फळा धरून उभा?"

तो मग कोण होता, हे त्यांनी विचारलं नाही. मीही नाही. इतक्या वर्षांनी विचारायलाही अंगात त्राण लागतं.

मी तिथेच ओट्यावर यादी ठेवली आणि लिहिलं. एकतीस वेळा मास्तर. मुलीला फोन करून सांगितलं, कडा पूर्वीसारख्या झाकून टाक, आमचा सिनेमा तसाच बरा दिसतो. ती कुरकुरली, पण म्हाताऱ्या माणसाचं ऐकतात. मास्तर पेजेची वाटी घेऊन आत गेले. मी डोळे पुसून त्यांच्या मागून गेले.

धाकटी जागी होती. मास्तर उजवीकडे बसले, तिचा उजवा हात हातात घेतला आणि तिला चार चमचे भरवले. मग ती त्यांना म्हणाली, थोडं पडा हो आता, ताई आहे. ते गेले. ती दार बंद व्हायची वाट बघत राहिली.

"यादीत त्यांचं नाव घातलंस ना?"

मी हो म्हटलं.

"बरं केलंस. नाहीतर फार लागलं असतं त्यांना."

मी विचारलं, तुला कधीपासून माहीत आहे.

"पहिल्या दिवसापासून. मास्तरांचे हात गरम असतात, ताई. इस्त्री करणारे हात."

"मग त्यांच्याशी लग्न का केलंस?"

"चांगला माणूस आहे. पळत आला होता ना वर." ती थोडा वेळ श्वास घेत राहिली. "आणि कोणीतरी गरम हवं होतं गं दुसऱ्या बाजूला."

मी तिला विचारलं, त्याने तुला वर ओढल्यावर पुढे काय झालं. ती माझ्याकडे बघत राहिली. लहानपणी मला एखादं सोपं गणित सुटलं नाही की बघायची, तशी.

"पुढे काय व्हायचंय? त्याने धरलं. सोडलं कुठे?"

मग तिचे डोळे मिटले. खिडकीतून दुपारचं ऊन थेट पलंगावर येत होतं. तिचा डावा हात चादरीवर उघडा पडला होता. हात गार लागला म्हणून मी पायथ्याची शाल घेतली आणि त्याच्यावर पसरली.

शाल पातळ होती. ती मनगटावर टेकली, पण पुढे गादीपर्यंत खाली आली नाही. मनगटाभोवती चार ठिकाणी उंच राहिली. आणि पलंगाच्या कडेकडे, जिथे काहीच नव्हतं, तिथे कोणाच्या तरी कोपरापर्यंत.