वडखळचा डबा

“तुझं गाणं संपतं कधी आणि बोलणं सुरू कधी होतं?”

हे त्याला विचारायची पैज माझ्या मैत्रिणीने, मालूने लावली होती, म्हणून कार्यक्रम संपल्यावर मी विचारलं. रोह्याच्या गॅदरिंगला आम्ही पेणच्या मुली पाहुण्या होतो. आणि हा एझ्रा रोहेकर तेलाच्या रिकाम्या डब्यावर ताल धरून, सुराबिराशिवाय, नुसता धडाधडा बोलत सुटलेला. रॅप म्हणे.

मावशी गेली, काका गेला, आळीला कुलूप,
मीच एकटा बडबडतो, बाकी सगळे चूप.

तो बेने इस्रायली, कोकणातला ज्यू; आईबाबा सोडून त्याचे झाडून सगळे नातेवाईक इस्रायलला गेलेले. लोक पोट धरून हसत होते, आणि मी मात्र... त्या कुलपापाशीच अडकले होते.

“पेणला पोचवतो तुला,” तो म्हणाला. “तोवर ठरव.”

“पेण लांब हाय,” मी म्हणाले.

“तू बोललीस तर नाय.”

मी बोलले. मग दर गुरुवारी, तो टायपिंगच्या क्लासला पेणला आला की बोलतच राहिले. एसटी स्टँडवर एक पुडी शेंगदाणे दोघांत. एकदा तो म्हणाला, आईबाबाही गेले तर माझे विनोद कळणारं कोण उरेल? मग मीही माझं सांगून टाकलं. पाडव्यानंतर बाबांना नागोठण्याच्या कंपनीतून काढलंय. आईला माहीत नाही. ती रोज डबा भरते, आणि ते वडखळच्या स्टँडवर, बाकावर बसून एकटेच खातात. अलिबागच्या सहलीला जाताना मी बसमधून पाहिलं होतं.

त्याने विनोद केला नाही. दप्तराखाली माझा हात धरला फक्त. “कुणाला नाय सांगणार.”

गणपतीत आमच्या मंडळाने त्याला बोलावलं. मी हट्टाने आईबाबांना पुढच्या रांगेत बसवलं... त्यांनी त्याला ऐकावं म्हणून. आज त्याच्या हातात तेलाचा डबा नव्हता. स्टीलचा होता, जेवणाचा.

डबा चालला शिफ्टला, शिफ्ट गेली कुठे?
वडखळच्या बाकावर त्याचं झाकण सुटे.
भाजी म्हणे पोळीला, घरी कोण सांगणार?
पोळी म्हणे, गप गो, उद्या परत येणार.

मांडव हसून लोटपोट. बाबाही हसले, जरा उशिरा. आईने हसता हसता त्यांच्याकडे पाहिलं, आणि तिचं हसू तिथेच थांबलं.

स्टेजमागे तो घामाघूम, खूश. “कसं झालं? तुझ्यासाठीच केलं.”

“बाबा समोर होते, एझ्रा.”

“नाव कुठं घेतलं मी? माझ्या घरचंपण सांगतोच की.”

“ते तुझं आहे. हे माझं होतं.”

त्याने मान हलवली. पण त्याची बोटं... ती डब्यावर हळूच ताल धरू लागली होती. याचंही गाणं होणार, मला कळलं. मी निघाले. पैजेतल्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं होतं.

सकाळी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून बूट चढवत होते. आई मान खाली घालून डबा भरत होती. दोघांनाही सगळं कळलं होतं, तरी रोजच्यासारखंच चाललं होतं.

मी आईच्या हातातून डबा घेतला, पोळ्या ताटात काढल्या.

“बाबा, बूट काढा,” मी म्हणाले. “मी ठरवलंय, आजपासून डबा जाणार नाही. आपण तिघं घरीच जेवायचं.”